दर आणि दिवस : थेट जोडणीच्या विद्युत उपकरणांच्या सुरक्षा-चाचणीची प्रस्तावना

विजेचे उपकरण सुरक्षित आहे की नाही हे कसे तपासायचे, ते शिकवण्याची सोय आपल्याकडे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडलेल्या मुलाला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) वापरता येतो, अर्थिंगचा रोध मोजता येतो, उलटसुलट जोडलेले फेज-न्यूट्रल ओळखता येतात. त्याची खरी पंचाईत होते ती पहिले काम मिळते तेव्हा. वसतिगृहाचा मालक विचारतो, ‘‘चाळीस गीझर आहेत, एका नगाचे काय घेणार?’’ आणि पाठोपाठ, ‘‘उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून टाकता का?’’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याला कोणी शिकवलेली नसतात. मग शेजारचा ठेकेदार काय घेतो याची तो चौकशी करतो, त्यातून दहा रुपये कमी सांगतो आणि कामाला लागतो.

या दोन प्रश्नांचा नीट विचार करणाऱ्या अभ्यासक्षेत्राची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. तारतंत्री, विद्युत ठेकेदार, रुग्णालयाचे आणि वसतिगृहाचे व्यवस्थापक, नगरपंचायतीचे अभियंते, गिरणीमालक आणि आपल्याच गावातल्या विजेकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहू इच्छिणारे विद्यार्थी, या सर्वांना इथे सारखाच प्रवेश आहे. वाणिज्य शाखेच्या वाचकाने ओहम आणि मिलिअँपिअरला बिचकू नये, आणि तंत्रशाखेच्या वाचकाने हिशेबाला कमी लेखू नये. दर आणि दिवस यांना आपण चाचणीच्या बाहेरचे व्यवहार समजतो. प्रत्यक्षात उपकरणाचा किती भाग तपासला जाणार हे दर ठरवतो, आणि त्या तपासणीत दोष दिसणार की लपणार हे दिवस ठरवतो. ही प्रस्तावना याच एका म्हणण्याभोवती फिरते.

आधी क्षेत्राच्या सीमा पाहू. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन ही टॉप, म्हणजे प्लग, लावून चालणारी उपकरणे. ती उचलून टेबलावर ठेवता येतात, उलटीपालटी करून पाहता येतात. थेट जोडणीच्या उपकरणाला टॉप नसतो. त्याच्या वायरी भिंतीतून येऊन कनेक्टरात किंवा स्टार्टरमध्ये घट्ट बसवलेल्या असतात. छताचा पंखा, एसी, विहिरीतला सबमर्सिबल पंप, पिठाची गिरणी, मिरची कांडप, डाळमिलच्या मोटारी, दूध संकलन केंद्रावरचा शीतकरण टँक, रुग्णालयातले एक्स-रे यंत्र, कडबा कुट्टी ही सगळी त्यातली. सीमेवरची प्रकरणेही आहेत. माळ्याखाली 16 अँपिअरच्या सॉकेटला लावलेला गीझर कागदोपत्री टॉपवाला असतो, पण त्याचा टॉप बसवल्या दिवसापासून कोणी काढलेला नसतो आणि नळाच्या जोडण्या सोडवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. अशा उपकरणाला स्थिर समजावे, हा या क्षेत्रातला रूढ आणि शहाणा संकेत आहे.

ही उपकरणे दोन प्रकारच्या तपासण्यांच्या मधल्या फटीत सापडतात. इमारतीची वायरिंग तपासणारा माणूस कनेक्टरपर्यंत येऊन थांबतो, कारण पुढचे यंत्र ‘मालकाचे’. सुटी उपकरणे तपासणारा टॉप नसलेल्या वस्तूकडे वळत नाही, कारण ती ‘वायरिंगची’. ब्रिटनमध्ये सुट्या उपकरणांच्या तपासणीचा मोठा व्यवसाय उभा राहिला, तरी ही फट तिथेही बराच काळ राहिली. तिथल्या अभियांत्रिकी संस्थेच्या संहितेची 2020 ची पाचवी आवृत्ती सुट्या आणि स्थिर अशा दोन्ही उपकरणांना एकाच विचारात घेते. आपल्याकडे ही फट अजून नीट मोजलेलीसुद्धा नाही. नव्या अभ्यासकाला पहिले काम इथेच सापडेल.

पुढच्या विवेचनात देवणी हे गाव उदाहरण म्हणून घेतले आहे. देवणीच का, ते आधी सांगायला हवे. देवणी म्हटले की महाराष्ट्राला आधी आठवते ती गाय. वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तीन रंगप्रकारांत ओळखला जाणारा हा गोवंश याच गावाच्या नावाने देशभर गेला. गाव लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून. 1999 मध्ये उदगीर तालुक्यातून वेगळे होऊन ते तालुक्याचे ठिकाण झाले. तालुका झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, दवाखाने, शाळा आणि बँका वाढल्या, आणि प्रत्येक इमारतीबरोबर भिंतीला कायमची जोडलेली यंत्रेही आली. चाचणीची साधने आणि अनुभवी माणसे मात्र अजून बहुधा उदगीरहून किंवा लातूरहून बोलवावी लागतात. मोठ्या शहरात येण्याजाण्याचा खर्च दरात विरून जातो. इथे तो ठळक दिसतो, म्हणून दराचा अभ्यास इथे जास्त स्वच्छ होतो. दिवसाचेही तसेच आहे. काळी माती, बोअरचे जड पाणी, आळीपाळीने येणारी शेतीची वीज आणि सुगीचे वेळापत्रक यांमुळे कोणत्या दिवशी तपासायचे हा प्रश्न इथे कोणालाही टाळता येत नाही.

थोडे विज्ञान आधी पाहू, कारण दराचे मूळ त्यात आहे. धातूची बॉडी असलेल्या प्रत्येक उपकरणातून अगदी थोडा करंट अर्थकडे झिरपत असतो. तो किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. आयएस 302 ही भारतीय मानकांची मालिका आयईसी 60335 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर आहे. तिच्यानुसार हाताळण्याच्या, अर्थ जोडलेल्या उपकरणाला 0.75 मिलिअँपिअरची मर्यादा आहे. जागेवर बसवलेल्या मोटारीच्या उपकरणाला मात्र 3.5 मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे, आणि स्थिर तापक उपकरणाला दर किलोवॅटला 0.75 या हिशेबाने जास्तीत जास्त 5 मिलिअँपिअरपर्यंत. म्हणजे जागेवर घट्ट बसलेल्या यंत्राला मानकाने जास्त सवलत दिली. ती का? कायमच्या जोडणीत अर्थही कायमचा आणि भरवशाचा असणार, या गृहीतावर. ज्या गावात अर्थच्या खड्ड्यात वर्षानुवर्षे पाणी पडलेले नाही, जिथे अर्थची वायर रंगकामाच्या वेळी सोडवून ठेवली आणि पुन्हा जोडली नाही, तिथे हे गृहीत तपासल्याशिवाय धरता येत नाही. म्हणून स्थिर उपकरणाच्या चाचणीत सर्वांत मोलाचे माप म्हणजे बॉडीपासून अर्थपर्यंतची वाट अखंड आहे का, हे. आणि नेमके तेच मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

एका गीझरवर तो वेळ कुठे जातो ते जवळून पाहू. डीबीचे (वितरण पेटीचे) झाकण उघडले की सहा-आठ एमसीबी दिसतात आणि एकावरही नाव नसते. कोणती कोणाची, हे एकेक बंद करून शोधावे लागते. सापडली की ती बंद करून कुलूप किंवा निदान पाटी लावायची, म्हणजे दुसरे कोणी ती चढवणार नाही. मग सप्लाय खरोखर गेला आहे याची खात्री. त्यासाठी टेस्टर आधी चालू सॉकेटवर पाहायचा, मग गीझरच्या टोकांवर फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल असे तिन्ही प्रकारे, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. नाहीतर टेस्टरच बिघडलेला असेल तर तो ‘सप्लाय नाही’ असेच सांगणार. त्यानंतर बाथरूमच्या दमटपणाने गंजलेले स्क्रू सोडवून झाकण काढायचे. आत काळवंडलेला कनेक्टर, ढिला अर्थबोल्ट, वितळलेले स्लीव्ह यांवर नजर टाकायची. गीझरच्या बॉडीपासून डीबीतल्या अर्थपट्टीपर्यंत लांब लीड टाकून सलगता मोजायची. फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि बॉडीत 500 व्होल्ट डीसीने मिनिटभर मेगर लावायचा. इथे एक बारीक फसगत असते. बाथरूमबाहेरचा डबल-पोल स्विच बंदच राहिला आणि मेगर डीबीकडून लावला, तर तो स्विचपर्यंतचीच वायर तपासतो. कॉइलपर्यंत तो पोचतच नाही, पण आकडा झकास येतो. शेवटी झाकण पुन्हा लावून सप्लाय द्यायचा, आरसीसीबी (करंट गळाल्यास सप्लाय तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरला आणि 300 मिलिसेकंदांच्या आत पडते का ते पाहायचे, नोंद करायची आणि चिठ्ठी लावायची.

आता हिशेब. समजा, परवानाधारक तारतंत्री, मदतनीस, उपकरणांची झीज, त्यांचे वार्षिक कॅलिब्रेशन, येणेजाणे आणि विमा मिळून एका दिवसाचा खर्च 3,600 रुपये येतो, आणि प्रत्यक्ष चाचणीचे सहा तास मिळतात. म्हणजे मिनिटाला 10 रुपये. इस्त्रीला पाच मिनिटे लागतात, तिचे 50 रुपये झाले. वरचा गीझर नीट तपासायला 35 मिनिटे धरली तर त्याचे 350. वसतिगृहाच्या मालकाला नगामागे 60 रुपये सांगून काम घेतले तर चाळीस गीझरचे 2,400 रुपये हाती येतील, आणि काम मात्र 1,400 मिनिटांचे, म्हणजे 14,000 रुपये खर्चाचे. ही तूट कोणी पदरमोड करून भरत नाही. 60 रुपयांत सहा मिनिटे मिळतात, आणि सहा मिनिटांत झाकण उघडत नाही. मग बाहेरून नजर टाकायची, चालू-बंद करून पाहायचे आणि ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवायची. यात तारतंत्री अप्रामाणिकच असतो असे नाही. ही काटछाट त्या दरानेच आधी ठरवून ठेवलेली असते. आकडे इथे समजुतीपुरते घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. नगावर दर लावला की सोप्या उपकरणाचे जास्त पैसे पडतात आणि धोकादायक उपकरणाला वेळ उरत नाही, हा निष्कर्ष आकडे बदलले तरी टिकतो.

त्यावर उपाय म्हणून दराचे चार तुकडे करण्याची पद्धत या क्षेत्रात उपयोगी ठरते. पहिला तुकडा फेरीचा : माणूस आणि साधने जागेवर आणण्याचा खर्च, उपकरण एक असो की पन्नास. दुसरा परिपथाचा : एमसीबी शोधणे, कुलूपबंद करणे, सप्लाय गेल्याची खात्री करणे. एका परिपथावर चार पंखे असतील तर हा खर्च एकदाच येतो, आणि तो स्वतंत्र दाखवला तर ग्राहकाला त्याचा फायदा मिळतो. तिसरा उपकरणाचा : उघडणे, मोजणे, पुन्हा बंद करणे, त्यात शिडी लागणारी जागा, गच्चीवरचे आउटडोअर युनिट, विहिरीवरचा पॅनेल यांचा वेगळा विचार. चौथा फेरतपासणीचा, आणि कोटेशनमध्ये नेमका हाच विसरला जातो. दोष सापडला, दुरुस्त झाला, तर पुन्हा मोजायला कोण येणार आणि कोणाच्या पैशाने? हे आधी लिहिलेले नसेल तर दोष सापडणेच दोघांनाही गैरसोयीचे होऊन बसते. देवणीसारख्या ठिकाणी पहिल्या तुकड्यावर मोठी बचत शक्य आहे. दवाखाना, बँक, शाळा आणि दोन गिरण्या मिळून एकच फेरी ठरवली तर येण्याजाण्याचा खर्च पाचजणांत वाटला जातो. सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा कामांची दरसूची काढते. चाचणीच्या मिनिटांचा तसा स्थानिक अभ्यास झाला, तर खाजगी ग्राहकालाही कोटेशन वाचण्याची मोजपट्टी मिळेल.

दराचा प्रश्न कायद्याला नवा नाही. भारतीय वीज नियम 1956 मधला 46 वा नियम सांगत होता की पुरवठ्याशी जोडलेल्या प्रत्येक मांडणीची तपासणी आणि चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी, आणि तिचे शुल्क शासनाने ग्राहकांच्या वर्गवारीनुसार ठरवावे, ते ग्राहकाने आगाऊ भरावे. शुल्क थकवले तर निरीक्षकाच्या निर्देशाने पुरवठा तोडण्याची तरतूदही त्यात होती. पुढे 2003 चा वीज कायदा आला. त्याच्या 162 व्या कलमाने विद्युत निरीक्षकाची नेमणूक होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2010 मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले आणि 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. आगाऊ शुल्कामागचा विचार अभ्यासकाने जरूर पाहावा. निकाल काहीही लागो, पैसे आधीच मिळालेले असले की तपासणाऱ्यावर ‘पास’ म्हणण्याचे दडपण राहत नाही. खाजगी बाजारात मात्र बिल चिठ्ठीनंतर फिटते. या फरकाचा निकालावर किती परिणाम होतो, हा संशोधनाचा चांगला विषय आहे.

इतकी वर्षे ‘पाच वर्षे’ हा आकडा चालत आला, आणि तो बऱ्याचदा चुकीचा वाचला जातो. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पाचव्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकदा तपासले की यंत्र पुढच्या पाच वर्षांसाठी सुरक्षित झाले, असा तिचा अर्थ कोणी काढू नये.

आता दिवसाकडे येऊ. विनियमांत पुरवठादाराच्या अर्थिंगसाठी एक अतिशय शहाणी अट आहे : त्याचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून निदान एकदा मोजावा. हे वाक्य लिहिणाऱ्याला माती कळत होती. देवणी परिसरातली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थचा आकडा छान येतो. तीच जमीन एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते, पाइपभोवतीची माती सुटते आणि रोध चढतो. अर्थ आपल्याला गरजेच्या प्रत्येक दिवशी हवा आहे, म्हणून तो त्याच्या सर्वांत वाईट दिवशी मोजायचा. हाच न्याय इन्सुलेशनला लावला तर दिवस उलटा येतो. वायरींचा, मोटारीच्या गुंडाळीचा आणि जंक्शन बॉक्सचा दमटपणा भाद्रपदात कळतो, वैशाखात नाही. जुन्या माळवदाच्या घरात छतातून ओल झिरपत पंख्याच्या हुकापर्यंत उतरते, ती मेगरला मे महिन्यात दिसणार नाही. म्हणजे एकाच इमारतीसाठी एकच ‘तपासणीचा दिवस’ ठरवणे मुळातच अपुरे आहे. अर्थ उन्हाळ्यात, इन्सुलेशन पावसाळ्यात. आणि फेरीचा खर्च दोनदा येत असेल तर त्याचा विचार दरात आधीच करायचा.

गीझरचे तिसरेच पंचांग आहे. त्याच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते, आणि ही भुकटी हवेतली ओल शोषते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गीझर महिनोन्‌महिने बंद असतो. कोजागरीनंतर गारवा पडला की मुले पहिल्यांदा तो लावतात, आणि नेमका तेव्हा त्याचा इन्सुलेशन रोध सर्वांत खाली असू शकतो. त्यात बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर खार जमतो, उष्णता बाहेर पडत नाही, नळी तापून तडकते. अशा गीझरचा पहिला आकडा कमी आला म्हणून तो लगेच बाद करायचा नसतो. तपासणाऱ्याच्या देखरेखीखाली आणि चालू आरसीसीबीच्या संरक्षणाखाली कॉइल काही वेळ तापवून, सप्लाय तोडून पुन्हा मोजायचे असते. ओल असेल तर आकडा चढतो, तडा असेल तर चढत नाही. वसतिगृहाच्या मालकाचा ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून टाका’ हा प्रश्न इथे पुन्हा आठवावा. सुट्टी त्याच्या सोयीची आहे, पण गीझरचा प्रश्न विचारण्याची वेळ दिवाळीच्या सुट्टीत येते. लातूरमधल्या शिकवण्यांच्या वसतिगृहांनी एवढा एक बदल केला तरी तपासणीला अर्थ येईल.

शेतीच्या यंत्रांना आणखी एक अट आहे, ती फीडरची. शेतीच्या फीडरला थ्री-फेज सप्लाय दिवसातून ठराविक तासच मिळतो, कधी दिवसा, कधी रात्री, आळीपाळीने. सौर कृषी वाहिनी जिथे पोचली आहे तिथे दिवसाची वीज मिळू लागली आहे. बाकीच्यांना पाळी पाहावीच लागते. चाचणीचे दोन भाग असतात : इन्सुलेशन आणि सलगता सप्लाय बंद असताना, आरसीसीबी आणि फेजचा समतोल सप्लाय चालू असताना. म्हणून विहिरीवरची फेरी अशा वेळेला ठेवावी की पाळी संपण्याच्या आधी चालू भाग व्हावा आणि संपल्यावर बंद भाग. पण ‘लाइट नाही म्हणजे सप्लाय बंद’ या समजुतीने या भागात माणसे दगावतात. कित्येक स्टार्टरांना ऑटो स्विच बसवलेला असतो. फीडर चालू होताच मोटार आपोआप सुरू होते. पॅनेलमध्ये हात असताना पाळी बदलली किंवा बिघाड लवकर निघाला, तर यंत्र विचारत बसत नाही. महावितरणची लाइट गेली हा अपघात आहे. आयसोलेटर आपल्या हाताने पाडून कुलूप लावले, तरच तो बंदोबस्त. ज्या दरात त्या कुलपाची दोन मिनिटे धरलेली नाहीत, तो दर तारतंत्र्याने नाकारावा.

ज्या गावाने गाईला नाव दिले, तिथे गोठा विसरून चालणार नाही. रब्बीची ज्वारी निघाली की कडबा कुट्टी यंत्र चालू होते आणि उन्हाळाभर थांबत नाही. ओला गोठा, लोखंडी दावण, शेणामुताने खाल्लेली अर्थची पट्टी आणि जमिनीलगत टाकलेली केबल, असा हा परिसर. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. जमिनीत करंट उतरला तर त्या दोन जागांमधला दाब माणसाच्या दोन पावलांमधल्या दाबापेक्षा जास्त मिळतो, आणि त्याची वाट छातीतून जाते. म्हणूनच जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांनी गोठ्यासाठी स्पर्शदाबाची मर्यादा माणसाच्या 50 व्होल्टऐवजी 25 व्होल्ट धरली होती. माणसाला नुसती झिणझिणी जाणवेल तिथे बैल आडवा होऊ शकतो. चाचणीच्या कोटेशनमध्ये गोठ्याची ओळ स्वतंत्र असावी, आणि तिचा दिवस कडबा कुट्टीच्या हंगामाआधी असावा. शेतकऱ्याला हे पटवणे अवघड जात नाही. जातिवंत जोडीची किंमत त्याला चांगलीच ठाऊक असते.

किती वेळा तपासायचे, यावर जगभर मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये सुट्या उपकरणांची दरवर्षी चाचणी करण्याची प्रथा कार्यालयांत इतकी फोफावली की 2011 च्या लॉफस्टेट अहवालाने कमी धोक्याच्या जागी ती गरजेपेक्षा जास्त होत असल्याचे नोंदवले. तिथल्या कायद्यात वार्षिक चाचणीची सक्ती नव्हतीच. दर वर्षी एक नवी चिठ्ठी विकली जात होती. त्याउलट टोक आपल्याकडे दिसते : अपघात होईपर्यंत काही नाही आणि झाल्यावर सगळ्यांचे सगळे एकदम. 9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 अर्भके दगावली आणि राज्यभरच्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. आदेशाने एकाच महिन्यात शेकडो इमारती तपासायच्या ठरल्या, तर माणसे तेवढीच असल्यामुळे प्रत्येक इमारतीच्या वाट्याची मिनिटेच कमी होतात. वेळापत्रक वर्षभर पसरलेले असणे ही सोय नाही, ती चाचणीच्या गुणवत्तेची अट आहे.

या दोन टोकांमधला रस्ता नोंदवहीतून जातो. एखाद्या मोटारीचा इन्सुलेशन रोध एका वर्षी 40 मेगाओहम, दुसऱ्या वर्षी 12, तिसऱ्या वर्षी 3 असा आला, तर 1 मेगाओहमच्या किमान अटीत ती तिन्ही वेळा ‘पास’ आहे. पण आकड्यांची उतरण सांगते की पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. चिठ्ठीवर फक्त ‘पास’ लिहिणारा माणूस ही माहिती फेकून देतो. त्यामुळे पहिल्या फेरीत सर्वांना सारखे अंतर द्यावे, मग नोंदी पाहून बदलावे : आकडा स्थिर असेल तर अंतर वाढवावे, उतरत असेल किंवा दोष सापडला असेल तर निम्मे करावे. असे केले की ग्राहकाचे पैसे चांगल्या यंत्रांवर वाया जात नाहीत आणि वाचलेला वेळ वाईट यंत्रांना मिळतो. नोंद ठेवण्याची मिनिटेही दरात धरावी लागतात, हे वेगळे सांगायला नको.

काही प्रश्नांची उत्तरे या क्षेत्राकडे अजून नाहीत. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असावा का? तो एकच असला की फेरी वाचते, पण दोष सापडण्यात त्याचा फायदा असतो. वेगळा असला की विश्वास वाढतो, पण देवणीसारख्या गावात दुसरा माणूस आणायचा कुठून? तपासणीचे बिल वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे, आणि मोजलेले आकडे ग्राहकाच्या हाती, एवढे केले तर बरेचसे साधते, पण सगळे नाही. भाड्याच्या दुकानातल्या एसीच्या तपासणीचे पैसे मालकाने द्यायचे की भाडेकरूने? सामाईक विहिरीवरच्या पंपाची तपासणी कोणत्या भावाच्या नावावर? ग्रामीण रुग्णालयातले यंत्र पुरवठादाराच्या वार्षिक करारात असेल, तर त्या करारात अर्थची सलगता येते की नुसती यंत्राची देखभाल? इलेक्ट्रॉनिक्स भरलेल्या नव्या एसीला 500 व्होल्टचा मेगर सोसत नाही. तिथे कमी दाबाने मोजायचे की क्लॅम्पने झिरपता करंट पाहायचा, आणि दोन्ही आकड्यांची तुलना कशी करायची? यांतला प्रत्येक प्रश्न एका चांगल्या लेखाचा विषय आहे, आणि ते लेख लिहायला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेची गरज नाही.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर आपल्या रोजच्या वापरातली एक इमारत निवडा : शाळा, दवाखाना, गिरणी, काहीही. तिच्यातल्या टॉप नसलेल्या प्रत्येक उपकरणाची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने आखा. ते कोणत्या एमसीबीवर आहे, ते वर्षातल्या कोणत्या महिन्यात सर्वांत वाईट अवस्थेत असेल, आणि परवानाधारक माणसाला ते नीट तपासायला किती मिनिटे लागतील. झाकण उघडण्याचे काम ज्याचे आहे त्यालाच करू द्या. यादी करायला परवाना लागत नाही. तिसऱ्या रकान्याच्या बेरजेतून दर निघतो आणि दुसऱ्या रकान्याच्या क्रमातून वेळापत्रक. असे कागद गावोगाव जमू लागले, तर ‘एका नगाचे काय घेणार?’ या प्रश्नाला तारतंत्र्याकडे अंदाजाऐवजी उत्तर असेल, आणि ते उत्तर पडताळून पाहण्याची ऐपत ग्राहकाकडेही असेल.